मोठी चकती

मित्रमंडळींसोबतच्या घाटातल्या सहलीआधी त्याने दोघांच्याही सायकलींचे गियर बदलून घेतले. स्वतःच्या सायकलला पुढे सगळ्यात मोठी दातेरी चकती, बायकोच्या सायकलला लहान.

“लहान चकतीवर पॅडल हलकं पडतं. तुम्हा बायकांना तेच बरं,” तो अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला.

चढ लागला आणि पहिल्याच वळणावर ती पुढे निघून दिसेनाशी झाली. दुसऱ्या वळणावर तो खाली उतरला आणि धापा टाकत सायकल ढकलू लागला. बऱ्याच वेळाने ती समोरून उतरत येताना दिसली, तसा त्याचा चेहरा खुलला.

“दमलीस ना? अर्ध्यातूनच फिरलीस?”

“नाही रे, वर पोचून आले. सगळे विचारतायत, टेम्पो नुसता सायकलसाठी पाठवायचा, की मिस्टरांसाठीपण?”