दिवेलागणीनंतरचा कूलर

दिवेलागण झाली की वीज केंद्राच्या जुन्या वसाहतीतले कूलर बंद होत. दिवसाची वीज उन्हाची, ती जवळपास फुकट. सूर्य मावळला की कोळशाची, आणि तिच्यावर धुराचा कर एवढा, की भर मे महिन्यात लोक ओला पंचा अंगावर घेऊन पडत.

फक्त शेजारच्या शालिनी वासेकरचा कूलर घरघरत राही. ती घरघर ऐकून कुंदा नगराळेच्या पोटात दुखे.

"तुम्ही अन् तिचा नवरा एकाच केंद्रात कामाला होते. मग त्यांनाच काहून परवडते?" ती नवऱ्याला विचारी.

एका संध्याकाळी ती मुद्दाम विरजण मागायला वाटी घेऊन शेजारी गेली.

"दिवेलागणीला विरजण देत नाहीत वं," शालिनी म्हणाली, पण तिनं आत बोलावलं. गार वाऱ्यात तिचा नवरा पलंगावर पडला होता. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र.

"उभा जन्म कोळशाची धूळ खाल्ली. फुप्फुसं गेली," शालिनी म्हणाली. "अशा घराला कर माफ आहे. सगळ्या घराला."

कुंदा "अरेरे" म्हणाली, पण तिथून लवकर उठली नाही. पदर तिनं वाऱ्याकडे धरला होता.

ती घरी परतली तेव्हा तिचा नवरा अंधारात पंचा पिळत होता. तेवढ्यात त्याला ठसका लागला. एरवी ती पाणी आणायला धावली असती. आज उंबऱ्यातच थांबून कान देऊन ऐकत राहिली.

"अजून एकदा खोका बरं," ती म्हणाली.