सुतळीची गाठ

घेर मोजायला दर पाडव्याला गुंडाळायचा तशी लटारूने सागाच्या बुंध्याला सुतळी गुंडाळली. यंदाची गाठ गेल्या वर्षीच्याच गाठीवर येत होती.

पावसाळा सरताना पानांवर तांबेरा पडला होता. पानांखाली पिवळी भुकटी साचली, पानं अवेळी गळाली आणि झाड उपाशी राहिलं.

"आता हा भरत नाही. तोडून विकून टाकतो," तो बायकोला म्हणाला.

पार्वता सुतळीवरून बोट फिरवत हसली. "टायफाइडच्या साली तुमचा सदरा अंगावर नुसता लटकत होता. मी काय तुम्हाला इकून टाकलं?"

मग लटारूने जुन्या गाठीवरच नवी गाठ मारली आणि रोगट पानं झाडून काढायला तिच्याकडे खराटा मागितला.