पावणेसहाचं मशीन

पावणेसहाला मशीन पुन्हा आपोआप सुरू झालं.

ग्रंथपाल तेव्हा स्वयंपाकघरात पाणी पीत होता. पेला हातातून निसटला. घरात तो एकटाच होता, दाराला आतून कडी होती, आणि पलीकडे लेकीच्या खोलीच्या कोपऱ्यात बायकोचा व्हॅक्यूम क्लीनर घुमत होता.

तो उंबऱ्यापर्यंत गेला. आत पाऊल टाकायची हिंमत होईना. शेवटी छत्रीच्या मुठीत वायर अडकवून त्यानं बाहेरूनच प्लग उपटला. आवाज हळूहळू विरला.

"सोडतो गं," तो खोलीतल्या कपाटाच्या दिशेनं म्हणाला. "रविवारी नक्की सोडतो. एवढे चार दिवस कळ काढ."

कपाटावर झाकणाची एक बरणी होती. तिच्यात बायकोची राख होती. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं त्याचा हात धरून बजावलं होतं, "मला घरात कोंडून ठेवू नकोस हं. जन्मभर घरातच होते. लगेच समुद्रात सोड."

त्यानं शब्द दिला होता. पण परदेशातली लेक फोनवर रडली. "बाबा, मी येईपर्यंत थांबा ना. मला आईला निरोप द्यायचाय." लेकीचं मन मोडवेना. तिला रजा मिळता मिळता दोन महिने गेले. आता रविवारी ती येणार होती.

आणि आठ दिवसांपासून हे सुरू झालं होतं. बायको याच सुमाराला मशीन फिरवायची. तो कामावरून आला की स्वागताचं वाक्य ठरलेलं असे, "पाय वर घे." एकदा तो मुद्दाम सातला घरी आला, तर घुमणं जिन्यातच ऐकू आलं. हल्ली तो बाहेरच्या खोलीत दिवा लावून झोपायचा. झोपायचा कसला, पडून राहायचा. बरणीकडे बघायचीही त्याला छाती होत नव्हती, हात लावणं तर दूरच. शब्द मोडला म्हणून ती रागावली आहे, याबद्दल त्याला शंका उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. मशीन चादरीत गुंडाळलं आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेलं.

"काय काका, पेशंटला काय होतंय?"

"आपोआप सुरू होतं."

"हात्तिच्या! भूतबीत काही नसतं हो."

"मी कुठं भुताचं नाव काढलं?"

"चादरीत गुंडाळून आणलंत ना. मशीनला थंडी वाजत नाही." मेकॅनिक हसला. "वापरतं कोण?"

"दुपारी कामाला बाई येते, किल्ली असते तिच्याकडे. पाचला जाते. मी साडेपाचला येतो."

"मग सुटलं कोडं. मोटर तापली की आतला कटआउट पडतो आणि मशीन गप्प होतं. बाईला वाटतं, बिघडलं. ती बटण तसंच ठेवून निघून जाते. पाऊण तासानं मोटर गार झाली, की गडी पुन्हा उठून कामाला लागतो."

ग्रंथपाल स्टुलावर बसला. "एवढंच?"

"एवढंच. आता का तापतं ते बघू." मेकॅनिकनं झाकण उघडलं. कापडी पिशवी गच्च भरली होती. तिच्यामागचा फिल्टर राखाडी पुडीनं पार बुजला होता. "श्वासच कोंडलाय बिचाऱ्याचा. घरात भिंती घासल्यात का?"

"लेक येतेय. तिच्या खोलीला रंग दिला."

"तरीच. साधा कचरा पिशवीत राहतो. असली बारीक पूड कापडातून आरपार जाते. घ्या, तुम्हीच साफ करा. शिकून ठेवलंत तर घरच्या घरी होईल, हेलपाटा नको."

दुकानामागे नळ होता. ग्रंथपालानं पिशवी गटारावर उलटी करून झटकली. पूड उडाली, बाहीवर बसली. फिल्टर त्यानं हलक्या हातानं आपटला, मग धारेखाली धरला. गढूळ पाणी गटारात वाहून गेलं. ते स्वच्छ येईपर्यंत तो धूत राहिला. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला हसू फुटलं. एवढ्याशा पुडीला आपण आठ दिवस घाबरलो!

फिल्टर उन्हात वाळल्यावर मेकॅनिकनं मशीन चालू करून दाखवलं. अर्धा तास चाललं, तापलं नाही.

तीनला तो घरी पोचला तेव्हा कामाची बाई खोलीच्या दारात उभी होती. रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती.

"दादा, मशीन कुठं नेलंत?"

"डॉक्टरकडे! अहो, मध्येच बंद पडत होतं तर सांगायचं नाही का? इकडे माझी पाचावर धारण बसली होती."

"तुम्ही ओरडाल असं वाटलं."

"मी कधी ओरडलोय तुमच्यावर? बरं, यापुढं बंद पडलं की आधी बटण बंद करायचं, मग पिशवी बघायची. आज मी शिकून आलोय, या, दाखवतो."

बाई जागची हलली नाही. "पिशवी... तुम्ही उघडलीत?"

"उघडली, झटकली, फिल्टरसुद्धा स्वच्छ धुतला."

"आतलं काय केलंत?"

"करायचं काय त्याचं? दुकानामागच्या गटारात सोडलं."

बाई भिंतीला धरून मटकन खाली बसली. तोंडाला पदर लावून ती कपाटाकडे बघत राहिली.

"काय झालं? बरं नाही का वाटत?"

"रंगाच्या दिवशी कपाट सरकवताना माझ्या हातून बरणी आडवी झाली, दादा. सगळं फरशीवर सांडलं. मी घाबरले, मशीननं ओढून घेतलं. रविवारच्या आत पिशवी काढून परत भरणार होते, पण ती निघता निघेना. बरणीत आता कुंडीतली माती आहे. वहिनी त्या पिशवीत होत्या."