अंबाड्यातला खडू

बाजार सकाळपासून कोसळत होता आणि मी शिडीवर उभी राहून फळ्यावर शेअरचे पडते भाव लिहीत होते. खाली दलाल घसा फोडून विकत होते. तेवढ्यात बाजाराचे अध्यक्ष आले. ‘भाव आभाळाला टेकणार’ म्हणून कालपर्यंत छाती फुगवणारे हेच! त्यांनी मला उतरवून हातातला खडू काढून घेतला. “भाव लिहायचेच नाहीत, म्हणजे पडणारही नाहीत! घाबरू नका, मी स्वतः खरेदी करतोय!” कोंबडं झाकून तांबडं फुटायचं थांबवायला निघालेला शहाणा, त्याला टाळ्या वाजवणारे दीडशहाणे! त्या गोंगाटात अध्यक्षसाहेबांनी माझ्या हातात चिठ्ठी सरकवली. “बाई, माझे सगळे शेअर आधी विकायला काढा. गुपचूप.” विक्रीची चिठ्ठी आली की फळ्यावर चढवायची, हा नियम त्यांचाच. अंबाड्यात खडूचा तुकडा असतोच. वर चढून टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: ‘अध्यक्षांचे सगळे शेअर विकणे आहेत.’