सुताराची टाळी

उभा जन्म सुतारकामात गेला, त्यामुळे पियानो म्हटलं की मला आधी त्याचं लाकूडच दिसतं. तरी लेकीने हट्टाने मैफलीला नेलं. जागा मिळाली ती शेवटच्या रांगेत, भिंतीला खुर्ची टेकलेली.

वादन सुरू झालं. कळत काहीच नव्हतं, पण फार बरं वाटत होतं. सूर थांबले तशी मी खूश होऊन टाळी वाजवली. एकट्यानेच! माझी टाळी पोकळ वाजते, कारण डाव्या हाताची दोन बोटं करवतीने नेली आहेत. सगळं सभागृह वळून बघायला लागलं.

"बाबा, आत्ता नाही," लेक हसू दाबत कुजबुजली. "हा पहिलाच भाग होता. वादक उठला की वाजवायची."

दुसरा भाग संपला तेव्हा मी शहाण्यासारखे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. तरी टाळी वाजली. तीच, पोकळ.

"बाबा!"

"अगं, मी नाही!"

आवाज माझ्या मागून आला होता.

शेवटी वादक उठला आणि सगळ्यांबरोबर मीही मनसोक्त टाळ्या पिटल्या. बाकीच्यांच्या ओसरल्या तरी माझं मन भरेना, म्हणून आणखी एक वाजवली.

तळहात तळहातावर आपटला, पण आवाज झाला नाही. तो झाला मागे, अगदी कानाजवळ.

"आता पुरे हं, बाबा," लेक प्रेमाने म्हणाली. बघत मात्र ती माझ्याकडे नव्हती. माझ्या मागे, भिंतीकडे बघत होती.