दारामागची भिंत

ऑफिसात तिचा फोन वाजला आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आले पिताश्री," शेजारच्या टेबलावरचा म्हणाला. "आज काय मोडलं आपण?"

तिने फोन कानाला लावला. "अगं, तुझं ते सॉफ्टवेअर वेडं झालंय," बाबा पलीकडून ओरडत होते. "दहा डबे घेतले तरी बिल एकाच डब्याचं. दारात माणसं ताटकळलीत."

तिने सकाळीच सोडलेली नवी आवृत्ती मागे घेतली. बाबांच्या दुकानात जुनी पुन्हा सुरू झाली.

त्यांच्या कंपनीचं बिलाचं सॉफ्टवेअर शेकडो दुकानं वापरत. सगळा कारभार क्लाउडवर, कुणाच्या दुकानात जाऊन काही बसवायला नको. दर मंगळवारी सुधारलेली आवृत्ती आधी मोजक्या दुकानांत सुरू व्हायची. तिथे दुपारपर्यंत काही बिनसलं नाही, की बाकीच्यांकडे. त्या मोजक्यांत बाबांचं रंगाचं दुकान होतं. त्यांनी कधीतरी चष्मा न लावता 'नवी आवृत्ती आधी मला द्या' या चौकोनावर बोट दाबलं असणार, अशी तिची खात्री होती. ती खूण काढून टाकायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. आणि दर मंगळवारी बाबा फोनवरून तिचा उद्धार करत. एकदाही 'बरं झालंय' असं नाही.

संध्याकाळी ती दुकानात गेली. जुना ठेकेदार, इमारतीच्या इमारती रंगवणारा, सकाळी रांगेत कंटाळला होता. समोरच्या दुकानातून सगळा माल उचलून गेला होता.

"काही बोलला?"

"एक अक्षर नाही."

तिने स्टूल ओढलं, लॅपटॉप उघडला. "बाबा, तुम्हाला शेवटच्या गटात टाकते. सगळीकडे नीट चाललं की मगच तुमच्याकडे येईल. आधीच करायला हवं होतं मी."

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "तो चौकोन मी वाचून दाबलाय. चष्मा लावून."

"मग दर आठवड्याला माझ्या नावाने खडे का फोडता?"

बाबा एका गिऱ्हाइकासाठी नवी छटा ढवळत होते. त्यांनी काडी बाजूला ठेवली, कुंचला बुडवला आणि दुकानाचं दार थोडं पुढे ओढलं. दारामागची भिंत वरपासून खालपर्यंत रंगांच्या ठिगळांनी भरली होती. लहानपणापासून ती हे बघत आली होती. नव्या छटेचा पहिला हात इथे. तो वाळेपर्यंत डबा कुणाच्या हातात जायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

त्यांनी एक पट्टा ओढला आणि पंखा तिकडे वळवला. दोघंही बघत उभे राहिले. रंग हळूहळू वाळला.

"जरा पिवळा उतरलाय," बाबा म्हणाले, आणि डब्यात चमचाभर पांढरा टाकून पुन्हा ढवळू लागले.

तिने लॅपटॉप अर्धवट मिटला.

"बिघडायचं ते आधी माझ्याकडे बिघडू दे," ते मान वर न करता म्हणाले. "लोक सांगत बसत नाहीत गं, समोरच्या दुकानात निघून जातात. मी निदान फोन तरी करतो."