तीन सीनची नर्स

दाराची साखळी न काढताच सुनेनं फटीतून बाहेर पाहिलं. चार वर्षं दर शनिवारी सकाळी दहाला सिस्टर या घरी सुनेच्या सासऱ्यांना, काकांना, इंजेक्शन द्यायला येत होती, पण या दाराला साखळी आहे हे तिला आज कळलं.

"तुम्हीच ना," सून म्हणाली आणि स्वतःच ओशाळून हसली. "या, या. काल संपवली हो आम्ही ती वेबसीरिज. आठच्या आठ भाग!"

सिस्टर नेहमीसारखी बेसिनपाशी हात धुवायला गेली. सून फोन घेऊन तिच्या मागोमाग आली आणि लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवू लागली. मनोविकारतज्ज्ञ म्हणून घेतलेली नायिका कुणालाच पटली नव्हती. 'डॉक्टर कमी, साबणाची जाहिरात जास्त' असं एकानं लिहिलं होतं. इन्स्पेक्टरचं पोट त्याच्या आधी खोलीत शिरतं, असं दुसऱ्यानं.

"आणि हे ऐका. 'सगळ्यांना खाऊन टाकलं ते त्या तीन सीनच्या नर्सनं. कुठून शोधून आणली कोण जाणे. बाई नुसती गोड हसते आणि अंगावर काटा येतो.' साडेचार हजार लाइक आहेत याला!"

सिस्टरला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं. बावीस वर्षांच्या नोकरीत तिचं कुणी कौतुक केलं असेल तर ते एवढंच, की दुखलं नाही हो.

तिला कुणी शोधूनबिधून आणलं नव्हतं. नर्सचं काम करणाऱ्या नटीला सुई कशी धरायची ते शिकवायला म्हणून तिला दोन दिवस बोलावलं होतं. नटीचा हात काही केल्या थरथरायचा थांबेना, तेव्हा दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "सिस्टर, आता तुम्हीच उभ्या राहा." लिहिलेली वाक्यं तिच्या तोंडात बसेनात, तर म्हणाला, "मग पेशंटशी जे बोलता तेच बोला." ती तेच बोलली. "आज काय खाल्लंत?" माणूस जेवणाचं सांगू लागला की त्याचा दंड आपोआप सैल पडतो आणि तेवढ्यात सुई जाऊन येते, ही तिची जुनी युक्ती. पडद्यावर तिनं तीन जणांना तेच विचारलं. तिघांचीही उत्तरं अर्धवट राहिली.

"त्या प्रश्नानं तर वात आणलाय," सून म्हणाली. "परवा समोरच्या वहिनींनी सहज विचारलं, काय केलं होतं आज जेवायला, तर मी दचकलेच!" मग तिचा आवाज जरा उतरला. "राग मानू नका, पण ती औषधाची कुपी मला जरा दाखवता?"

सिस्टरनं कुपी तिच्या हातात दिली. सुनेनं नाव वाचलं, तारीख वाचली, उजेडाकडे धरून पाहिलं.

"तसं काही नाही हो. पण वाचलेलं बरं."

"वाचायलाच हवं," सिस्टर म्हणाली. घरच्यांनी औषध वाचूनच द्यावं, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत आली होती. तरी आज तिला ते लागलं. याच आठवड्यात दोन घरांनी तिला यायला नको म्हणून सांगितलं होतं. दोघांनीही आधी तोंड भरून स्तुती केली होती.

"ह्यांचं म्हणणं होतं, दवाखान्यातून दुसरं कुणी बोलवू," सून म्हणाली. "मी म्हटलं, दंड बाबांचा आहे, बाबांनाच ठरवू दे. आज त्यांना चाललं तर पुढेही तुम्हीच."

काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, बाही आधीच खांद्यापर्यंत सरकवलेली. उभा जन्म क्रेनच्या टोकावरच्या डब्यात काढलेला माणूस. भीती कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"आली का आमची खुनी बाई!" ते गरजले. "ये, ये. या घरातले सगळे भित्रे. मी तिसऱ्याच भागात सांगून टाकलं होतं, ही आपली पोरगी आहे, हिनं मारलं तरी दुखायचं नाही."

सिस्टर आठवड्यात पहिल्यांदा मनापासून हसली. हे घर तरी राहिलं. तिनं औषध भरलं, हवा काढली, कापसानं दंड पुसला. सवयीनं प्रश्न ओठांवर आला. दारात सून उभी होती. सिस्टरनं प्रश्न गिळला.

काकांच्या ते लक्षात आलं.

"विचार की," ते म्हणाले. "विचारल्याशिवाय मी टोचून घेणार नाही."

"आज काय खाल्लंत, काका?"

"एक अंडं, अर्धा पाव आणि दोन चमचे साखर घातलेला चहा. साखरेचं सुनेला सांगू नकोस." मान मागे टाकून ते खदखदून हसले. दारातली सूनही हसली आणि निर्धास्त होऊन आत निघून गेली.

सिस्टरनं त्यांचा दंड चिमटीत धरला. तो लाकडासारखा ताठ होता. ती थोडी थांबली, अंगठ्यानं हलकेच चोळून पाहिलं.

"हात सैल सोडा ना, काका."

"सोडलाय की," काका हसत हसत म्हणाले. "केव्हाचा."